सुरतेच्या डॉक्टर रखमाबाई

आपल्या कोसाडहून गाडीने निघाले म्हणजे उत्राण मागे पडते, तापीवरचा पूल लागतो आणि पाहता पाहता सुरत स्टेशन येते. घरात कोणी दुखणाईत झाले तर हाच रस्ता आपण धरतो. आणि इस्पितळात गेल्यावर समोर डॉक्टरीणबाई बसलेल्या दिसल्या, तर त्यात काही नवल आहे असे आपणांपैकी कोणाच्या मनातही येत नाही. परंतु १८९५ साली विलायतेत वैद्यकविद्या शिकून आलेली एक महाराष्ट्रीय स्त्री याच शहरात स्त्रियांच्या इस्पितळाची मुख्य म्हणून रुजू झाली, तेव्हा ती गोष्ट खरोखरच नवलाची होती. त्या म्हणजे डॉक्टर रखमाबाई.

रखमाबाईंचे नाव निघाले की लोकांना त्यांचा खटला आठवतो. तो आठवावा असाच आहे व त्याविषयी आम्हीही सांगणार आहोत. पण खटला जिंकणे-हरणे हे वकिलांच्या व न्यायाधीशांच्या हाती असते. त्यानंतर काही वर्षे परक्या देशात राहून मनुष्यदेहाची रचना आणि त्याचे व्यापार शिकणे, हे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. रखमाबाईंच्या चरित्रात आम्हांस हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. त्या वेळी त्यांची आई जयंतीबाई जेमतेम पंधरा वर्षांची होती. हे वय ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे कारण पडेल. रखमाबाई दोन वर्षांच्या असताना वडील जनार्दन पांडुरंग निवर्तले आणि सतराव्या वर्षी जयंतीबाईंस वैधव्य आले. त्यांच्या सुतार ज्ञातीत पुनर्विवाहाची चाल होती. त्याप्रमाणे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी विवाह केला. पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी विवाहापूर्वी मुलीच्या नावे करून दिली. ही मालमत्ताच पुढे अनेक अनर्थांचे मूळ ठरली.

सखाराम अर्जुन हे गृहस्थ सामान्य नव्हते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजाशी त्यांचा अध्यापनाचा संबंध होता, वनस्पतिशास्त्रात त्यांचा अधिकार होता, आणि १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहास मंडळाची स्थापना झाली तेव्हा आठ संस्थापकांत जे दोनच हिंदी गृहस्थ होते त्यांपैकी ते एक होत. दुसरे डॉक्टर आत्माराम पांडुरंग. अशा घरात वाढणाऱ्या मुलीला पुस्तकांची, औषधी वनस्पतींची आणि प्रार्थनासमाजाच्या सुधारक मंडळींच्या बोलण्याचालण्याची संगत लहानपणीच लाभली. सावत्र बाप म्हणताच आपल्या मनात जे चित्र उभे राहते, त्याच्याशी सखाराम अर्जुनांचे काही साम्य नव्हते.

तरीसुद्धा चालीरीती कोणाला सुटल्या नव्हत्या. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी या मुलाशी लावून देण्यात आले. जावयाने सासऱ्याच्या घरी राहून शिक्षण घ्यावे असा बेत होता. तो फसला. दादाजींचे मन शिक्षणात रमेना, आणि थोड्याच काळात ते आपल्या मामांकडे जाऊन राहिले. इकडे रखमाबाईंची शाळा लग्नाबरोबर सुटली होती. पण त्या घरीच वाचीत राहिल्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके येत, आणि इंग्रजी भाषा त्यांनी अशी स्वतःच्या कष्टाने हस्तगत केली.

मुलगी वयात आली म्हणजे तिला सासरी धाडावयाचे, ही त्या काळची रीत. सखाराम अर्जुनांनी ती पाळली नाही. मुलीच्या शरीराची वाढ पुरी होण्यापूर्वी तिच्यावर संसाराचा व मातृत्वाचा भार घालणे त्यांच्या वैद्यकीय बुद्धीस पटत नव्हते. शरीरशास्त्राचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे असा एक मनुष्य घरात असला म्हणजे काय फरक पडतो, हे यावरून दिसते. पंधराव्या वर्षी आई झालेल्या जयंतीबाईंची मुलगी त्या वयात पुस्तक वाचीत बसली होती.

१८८४ साली दादाजींनी पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे असे की, ज्या लग्नाला आपली संमती कधी विचारलीच गेली नाही त्या लग्नाने आपणांस बांधता येणार नाही. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाण वयात ज्या मुलीचे लग्न लावून दिले तिला मोठेपणी बळाने नवऱ्याच्या स्वाधीन करणे त्यांस अन्यायाचे वाटले. साऱ्या हिंदुस्थानात एकच खळबळ उडाली. वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरू लागले. सुरतेत लहानाचे मोठे झालेले पारशी सुधारक बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्य टिळकांची लेखणी विरुद्ध बाजूने चालली. दोन्ही बाजूंस विद्वान होते, हे सांगितलेच पाहिजे. परकीय सरकारच्या न्यायालयाने आमच्या घरात हात घालावा काय, हा प्रश्न त्या काळी अनेकांना मुलीच्या सुखदुःखाहून मोठा वाटत होता. आम्हांस तो तितका मोठा वाटत नाही.

रखमाबाई स्वतः गप्प बसल्या नव्हत्या. एक हिंदू स्त्री एवढीच सही करून त्यांनी १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. त्याच वर्षी सखाराम अर्जुनांचा मृत्यू झाला व घरातला मोठा आधार गेला. वरच्या न्यायालयाने १८८६ साली प्रकरण पुन्हा चौकशीस पाठविले. आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंस नवऱ्याकडे जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कारावास भोगण्याचा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड होऊन दादाजींनी दोन हजार रुपये घेतले व हक्क सोडला. एका स्त्रीच्या मोकळिकीची ती किंमत ठरली. दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले.

या निकालाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे देहावसान झाले होते. अमेरिकेत फिलाडेल्फियास जाऊन त्यांनी मार्च १८८६ मध्ये डॉक्टरची पदवी मिळविली होती. परंतु रोग्यांची सेवा करावयास त्यांना आयुष्य उरले नाही. त्याच १८८६ साली कलकत्त्यास कादंबिनी गांगुली याही वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन कामास लागल्या. पहिली हिंदी स्त्री डॉक्टर कोण, या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडते. आमच्या मते तो वाद स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांकरिता ठेवावा. तिघींनाही ओलांडावा लागलेला उंबरठा एकच होता, आणि तो म्हणजे शवविच्छेदनाचा.

हा उंबरठा काय होता, हे नीट समजून घेतले पाहिजे. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला आरंभीच दोन शास्त्रे शिकावी लागतात. पहिले शरीररचनाशास्त्र, म्हणजे देहात कोठे काय आहे याचे ज्ञान. दुसरे शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे जे आहे ते कसे चालते याचे ज्ञान. आजही आपल्या सुरतेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, १९६४ मध्ये निघालेल्या सरकारी असो की महानगरपालिकेच्या असो, पहिले वर्ष या दोन विषयांत व जीवरसायनात जाते. रचना शिकावयाची तर पुस्तकातील चित्रे पुरत नाहीत. मृत देह उघडून पाहावा लागतो. आपल्या सुश्रुताने ही गोष्ट फार प्राचीन काळी ओळखली होती. प्रेत गवताने वेढून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवावे आणि मग कुंच्याने थर थर झाडून आतील भाग डोळ्यांनी पाहावेत, अशी रीत त्याने घालून दिली. पुढे शिवाशिवीच्या कल्पनांनी ही रीत लोपली. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवाला शस्त्र लावले तेव्हा तो एक मोठा पराक्रम गणला गेला. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले, आणि १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत गोव्यातील मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड होते. आम्हां कोंकणी बोलणारांस त्यांचा अभिमान वाटल्यास नवल नाही. पण ही सारी पुरुषांची कथा झाली.

स्त्रीने शवागारात पाऊल टाकावे ही कल्पना केवळ आपल्याकडेच निषिद्ध होती असे समजू नका. इंग्लंड-स्कॉटलंडात तीच स्थिती होती. १८६९ साली एडिंबरो विश्वविद्यालयात काही तरुणींनी वैद्यकीस नाव घातले. त्यांच्यात सोफिया जेक्स-ब्लेक होत्या आणि एडिथ पीची होत्या. रसायनशास्त्रात पीचीबाईंनी पारितोषिकास पात्र असे यश मिळविले, तर शिष्यवृत्ती त्यांना न देता पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. आणि १८ नोव्हेंबर १८७० रोजी या मुली शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेस निघाल्या असता दारापाशी जमलेल्या जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला, फाटक लावून घेतले, आणि त्या कशाबशा आत पोहोचल्यावर परीक्षेच्या दालनात एक मेंढी ढकलून दिली. चिखलाने माखलेल्या कपड्यांनीच त्यांनी उत्तरपत्रिका लिहिल्या. विश्वविद्यालयाने त्यांना पदवी मात्र दिली नाही. तेव्हा जेक्स-ब्लेक यांनी १८७४ साली लंडनला स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय काढले. पहिल्या वर्षी तेथे अवघ्या चौदा विद्यार्थिनी होत्या.

एडिथ पीची पुढे डॉक्टर होऊन १८८३ साली मुंबईस आल्या व कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. रखमाबाईंना वैद्यकीची वाट दाखविणाऱ्या त्या याच. त्यांच्या पुढाकाराने मदतीचा निधी उभा राहिला. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. विलायतेत मॅक्लरेन पतिपत्नींनी रखमाबाईंस आपल्या छायेखाली घेतले. १८८९ साली, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, ज्या वयात त्या काळी बायका चार मुलांच्या आया होत, त्या वयात रखमाबाई लंडनच्या त्या विद्यालयाच्या विद्यार्थिनी झाल्या.

आम्ही स्वतः कलाशाखेचे. परंतु या अभ्यासक्रमाविषयी जे वाचले व ऐकले ते मोठे मनोवेधक आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. आरंभ हाडांपासून होतो. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. एका हाताच्या मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंतच २७. विद्यार्थ्याने हाड हातात घेऊन ते डावे की उजवे, कोणत्या बाजूला कोणता स्नायू चिकटतो, कोणत्या खाचेतून कोणती शीर जाते, हे डोळे मिटून सांगावयाचे असते. मग विच्छेदन. देहाचे भाग पाडलेले असतात, हात, पाय, छाती, पोट, मस्तक व मान असे, आणि प्रत्येक भाग विद्यार्थ्याने स्वहस्ते उलगडावयाचा असतो. प्रथम त्वचा, तिच्याखाली चरबी, मग स्नायू, त्यांच्यामधून धावणाऱ्या धमन्या, शिरा आणि पांढऱ्या दोऱ्यांसारखे मज्जातंतू. घाई केली की तंतू तुटतो, आणि तुटलेला पुन्हा जोडता येत नाही. त्या काळी प्रेत टिकविण्यासाठी फॉर्मालिनचा वापर अजून रूढ झाला नव्हता. म्हणून हे काम विलायतेत बहुधा हिवाळ्यातच चाले. गार दालन, उग्र दर्प आणि दुपारीच मावळणारा उजेड. ही प्रेते कोणाची, तर १८३२ च्या कायद्याप्रमाणे बहुधा अनाथालयांत व इस्पितळांत वारलेल्या बेवारशी गरिबांची. ज्यांना जिवंतपणी कोणी विचारले नाही, त्यांच्यापाशी सारे डॉक्टर शिकले.

प्रेताला शिवणे, ते कापणे, आणि त्यात परपुरुषाचे प्रेत! मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या, चारचौघांत आधीच नाव झालेल्या एका हिंदू स्त्रीस हे करावयाचे होते. देशात असताना जे टीकाकार तिला कुलीनतेचे धडे देत होते, त्यांना ही गोष्ट कळल्यावर काय वाटले असेल याची कल्पना करावी.

रचनेनंतर क्रिया. आमच्या कोंकणीत काळीज म्हणजे हृदय. मराठीतही काळीज तुटते, काळीज हलते. पण खाटकाच्या दुकानी कलेजी मागितली तर यकृत मिळते. भाषेला असा गोंधळ चालतो, शास्त्राला चालत नाही. हृदय हा मुठीएवढा स्नायू आहे, तो मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावतो, प्रत्येक वेळी सुमारे ७० घन सेंटिमीटर रक्त पुढे ढकलतो, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. आणि शरीरात एकंदर रक्तही तितकेच असल्याने सारे रक्त मिनिटाभरात एक फेरा पुरा करते. हा हिशेब करण्याचे धैर्य हार्वेने १६२८ साली दाखविले, तोवर दीड हजार वर्षे लोक रक्त यकृतात उत्पन्न होऊन अवयवांत जिरते असे समजत होते. श्वासाचा वेग, नाडीचा ताल, अन्नाचे पचन, मज्जातंतूंतून जाणारी आज्ञा, हे सारे विद्यार्थिनींना बेडकाच्या स्नायूवर, सूक्ष्मदर्शकाखाली आणि स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून शिकावे लागे.

आता कमरेच्या हाडाचा विचार करा. लहान मुलाचे ते हाड एकसंध नसते. तीन निरनिराळी हाडे कूर्चेने सांधलेली असतात व ती जेथे मिळतात त्या खोबणीत मांडीचे हाड बसते. मुलींत ही तिन्ही हाडे साधारणपणे तेरा ते सोळा वर्षांच्या दरम्यान एकजीव होतात, आणि वरची कड पुरती जुळावयास तर विसावे वर्ष ओलांडावे लागते. ज्या मार्गाने मूल जन्मास यावयाचे तो मार्ग याच हाडांनी घडलेला असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीवर मातृत्व आले तर तिच्या जिवाला धोका का, याचे उत्तर कोणत्याही पक्षाच्या वर्तमानपत्रात शोधण्याची गरज नाही. ते त्या हाडावर लिहिलेले आहे. रखमाबाई लंडनला शिकत असतानाच, १८९० साली, कलकत्त्यात नवऱ्याच्या घरी गेलेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली आणि सारा देश हादरला. हिंदुस्थानातील अनेक स्त्री डॉक्टरांनी आपण पाहिलेल्या अशा मुलींची हकीकत सरकारपुढे मांडली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली. अवघी दोन वर्षे! त्यासाठीही केवढे रणकंदन झाले.

पहिली वर्षे अशी गेल्यावर रॉयल फ्री इस्पितळात प्रत्यक्ष रोग्यांजवळ शिक्षण होई. त्या इस्पितळाने १८७७ पासून या मुलींना दार उघडले होते. प्रसूतिशास्त्र शिकताना एक जुनी गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितली जाते. तीही येथे सांगण्याजोगी आहे. व्हिएन्नाच्या इस्पितळात बाळंतिणी तापाने पटापट मरत. १८४६ साली तेथील एका विभागात शंभरांत अकराहून अधिक गेल्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराच्या ध्यानात आले की विद्यार्थी शवविच्छेदन करून, हात नीट न धुता, थेट बाळंतिणींकडे येतात. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि १८४८ साली मृत्यूंचे प्रमाण शेकडा सव्वावर आले. म्हणजे ज्या विद्येने प्राण वाचवायचे, तीच निष्काळजीपणे वापरली तर प्राण घेते. रखमाबाई शिकत होत्या तोवर लिस्टरच्या जंतुघ्न पद्धतीही रूढ झाल्या होत्या.

१८९४ साली त्यांनी अखेरची परीक्षा दिली. ती त्यांनी एडिंबरोस दिली. ज्या नगरात चोवीस वर्षांपूर्वी त्यांच्या मार्गदर्शिकेवर चिखल उडाला होता त्याच नगरात. मधल्या काळात, १८८६ साली, तेथील वैद्यकमंडळांनी स्त्रियांना परीक्षेस बसू देण्यास आरंभ केला होता. पीचीबाईंना ही वार्ता कळली तेव्हा त्यांना किती समाधान झाले असेल!

आणि मग सुरत. त्या शहरातल्या परकोटाच्या आत, पोळापोळांतून राहणाऱ्या हिंदू, मुसलमान, पारशी, सर्व समाजांच्या स्त्रियांची अडचण एकच होती. दुखणे कितीही असह्य झाले तरी पुरुष डॉक्टरास अंग दाखवावयाचे नाही. हकीम किंवा वैद्य आला तरी पडद्याआडून हात पुढे करावयाचा. तेवढ्यावर त्याने निदान करावयाचे. बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, धुरी, आणि सुईण. सुईणींत अनुभवी बायका असत, त्यांची निंदा आम्ही करीत नाही. पण मूल आडवे आले किंवा रक्त थांबेना, तर आत काय घडले आहे हे जाणण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. ज्याच्यापाशी विद्या तो आत येऊ शकत नाही, आणि जी आत येऊ शकते तिच्यापाशी विद्या नाही. या दोहोंच्या मध्ये बायका मरत होत्या. रखमाबाई त्या दारातून आत जाऊ शकत होत्या, आणि आत काय आहे ते त्यांना ठाऊक होते.

त्या सुरतेस आल्या त्याच वर्षाच्या अखेरीस, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीत राँटगेनने क्ष-किरण शोधून काढले. रक्ताचे गट तर १९०१ साली समजले. तेव्हा त्यांच्या उमेदीच्या वर्षांत डॉक्टरचे साहित्य म्हणजे डोळा, कान आणि बोटांची टोके. पोटावर हात ठेवून मुलाचे डोके कोठे, पाठ कोठे, हे ओळखावयाचे. ज्याने देह उलगडून पाहिलेला असतो त्याच्याच बोटांना त्वचेखालचे दिसते.

इस्पितळात बायका सुखासुखी येत नव्हत्या. इस्पितळ म्हणजे मरणाचे घर, ही समजूत दृढ होती. शिवाय ही बाई नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभी राहिलेली, समुद्र ओलांडून आलेली. पुरुष डॉक्टराला एकदाच परीक्षा द्यावी लागते, त्यांना रोज द्यावी लागे. त्यातच प्लेग आला. १८९६ साली मुंबईत उद्भवलेली ही साथ पुढे गुजरातेत व सुरतेतही पसरली. आणि १८९९-१९०० चा, ज्याला येथील लोक छप्पनियो म्हणतात, तो भीषण दुष्काळ पडला. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेस प्लेग आला तेव्हा शहर सोडून जाणाऱ्यांनी स्टेशन कसे भरून गेले होते, हे आपल्या घरची वडील मंडळी सांगतील. त्या वेळी निदान औषध होते. रखमाबाईंच्या काळी प्लेगवर हमखास औषध नव्हते. त्या सुरतेतच राहिल्या. एकदोन वर्षे नव्हे, वीस वर्षांहून अधिक काळ.

१९०४ साली दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाई विधवेसारखे पांढरे पातळ नेसू लागल्या असे सांगतात. ज्या लग्नाला त्यांनी कधी लग्न मानले नाही, त्याचे हे चिन्ह त्यांनी का स्वीकारले असावे, याविषयी लोकांनी निरनिराळे तर्क केले आहेत. आम्हांस त्यात लोकांच्या समजुतीपुढे नमते घेणे दिसत नाही. आपल्या रोग्यांच्या घरात निःशंकपणे शिरता यावे, म्हणून एका डॉक्टराने घातलेला तो पोशाख असावा. दुसऱ्या कोणाला दुसरे वाटेल.

१९१८ च्या सुमारास सरकारने नव्याने काढलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय नोकरीत त्यांना जागा देऊ केली होती. ती न घेता त्या राजकोटच्या संस्थानी स्त्री-रुग्णालयात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत, सुमारे १९२९ पर्यंत, तेथे राहिल्या. राजकोटास रेडक्रॉसची शाखा त्यांनी काढली. त्याच सुमारास पडदापद्धती बंद करावी असे प्रतिपादणारा एक लेख त्यांनी प्रसिद्ध केला. तीस-पस्तीस वर्षे पडद्याआडच्या स्त्रियांची नाडी पाहिलेल्या बाईंचा तो लेख होता. त्याला पोथीतले आधार लागले नाहीत. १९२९ सालीच शारदा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले.

निवृत्तीनंतर त्या मुंबईस येऊन राहिल्या. त्यांच्या खटल्यातील न्यायाधीश, वकील, त्यांचे कैवारी, त्यांचे विरोधक, सारे एक एक करून काळाच्या पडद्याआड गेले होते. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला. मे १९५५ मध्ये लोकसभा-राज्यसभांनी संमत केलेला हिंदू विवाह कायदा अमलात आला; वधूचे वय किमान पंधरा असावे असे त्यात ठरले, जे १९७८ साली अठरा झाले, आणि न्यायालयामार्फत विवाह मोडण्याची वाटही हिंदू स्त्रीस मोकळी झाली. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, डॉक्टर रखमाबाई निवर्तल्या. त्यांना एक्क्याण्णवावे वर्ष चालू होते.